गल्ल्याशेजारचे कासव

व्यापारी कुटुंबांना कासव परके नाही. पाण्याने भरलेल्या ताटलीत पितळेचे कासव ठेवून ती ताटली गल्ल्याशेजारी मांडण्याची चाल लातूरच्या मोंढ्यातून आमच्या शिरूर अनंतपाळच्या लहानशा आडत दुकानांपर्यंत केव्हा आली, हे मला नेमके आठवत नाही. परंतु बँकेत कर्जविभाग सांभाळत असताना माल-तपासणीसाठी मी ज्या ज्या दुकानांत जात असे, तेथे साठ्याच्या वहीआधी दृष्टीस पडे ते हे कासवच. कित्येकांच्या बोटात कासवाची अंगठीही असे. आपल्या विसाव्या तीर्थंकरांचे, भगवान मुनिसुव्रतनाथांचे, लांछन कासव आहे, हे पैठणच्या अतिशय क्षेत्री दर्शनाला जाणाऱ्या वाचकांना वेगळे सांगावयास नको. शेजारच्या शिवालयातही गाभाऱ्याकडे जाताना दगडी कासव ओलांडूनच जावे लागते. इतक्या आदराच्या या जीवाविषयी आपले ज्ञान मात्र किती तोकडे आहे, याचा प्रत्यय मला वयाच्या चौसष्टाव्या वर्षी आला.

दोन वर्षांपूर्वीच्या दिवाळीची गोष्ट. वहीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी पुतण्याच्या दुकानी त्याचे एक परगावचे व्यापारी स्नेही आले आणि मिठाईच्या डब्याबरोबर एक प्लास्टिकची पारदर्शक डबी ठेवून गेले. डबीत दोन बोटे पाणी, मध्ये प्लास्टिकचे बेट, बेटावर प्लास्टिकचे माडाचे झाड, आणि त्या झाडाखाली रुपयाच्या नाण्याहून थोडे मोठे, हिरवेगार, जिवंत कासवाचे पिल्लू. पितळेच्या कासवाहून जिवंत कासवाची बरकत मोठी, असे ते गृहस्थ म्हणाले. त्यांचा हेतू चांगला होता, यात मला आजही शंका नाही.

नातवाला (पुतण्याच्या मुलाला, वय वर्षे दहा) आनंद गगनात मावेना. घरात त्या पिल्लाला जे प्रेमाने दिले गेले, ते सारे आपल्या ताटातले : वरणभात, भिजवलेली मूगडाळ, पोळीचा तुकडा, एकदा तर थेंबभर दूध. डबी गल्ल्याशेजारी, पंख्याच्या वाऱ्यात. तीन आठवड्यांत पिल्लाच्या पापण्या सुजून डोळे मिटले आणि त्याने तोंड उघडणेच बंद केले. नातू रडत माझ्याकडे आला, "आजोबा, हे मरणार का?" मी एम.कॉम. झालेला माणूस, मला ताळेबंद वाचता येतो, कासव वाचता येत नाही. परंतु बँकेने एक सवय लावली होती. अर्जावर सही करण्यापूर्वी अर्जदार कोण आहे, हे पाहावे. तेच आम्ही प्रथम करावयास हवे होते, ते सर्वांत शेवटी केले.

कासव म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे एकच आकृती येते. प्रत्यक्षात जमिनीवर राहणारी कासवे आणि गोड्या पाण्यात राहणारी कासवे यांचे घर, अन्न आणि शरीर पुष्कळच वेगळे असते. खांबासारखे जाड पाय आणि घुमटासारखी उंच पाठ असलेले ते जमिनीवरचे. बोटांमध्ये पडदा आणि चपटी पाठ असलेले ते पाण्यातले. जमिनीवरच्या कासवाला खोल पाण्यात ठेवले तर ते बुडून मरते. पाण्यातल्याला कोरड्या खोक्यात ठेवले तर त्याला अन्न गिळताही येत नाही, कारण ते पाण्यातच गिळते. पहिल्यांदाच कासव सांभाळणाऱ्याचा पहिला प्रश्न हाच असावा.

जमिनीवरच्यांपैकी आपल्याकडे लोकांना हवेसे वाटते ते तारा कासव. काळसर पाठीवर पिवळ्या रेषांच्या चांदण्या उमटलेल्या, आकार आटोपशीर, आणि मुख्यतः गवत, पाने, फुले, फळे खाणारे. शाकाहारी घराला जणू हेच योग्य, असे वाटावे. पण हे कासव घरात ठेवणे हा गुन्हा आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये २०२२ साली झालेली सुधारणा १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली आणि तारा कासव पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, आले. त्यासाठी किमान तीन व कमाल सात वर्षांचा कारावास आणि किमान पंचवीस हजार रुपये दंड आहे. "आम्ही विकत घेतले नाही, भेट मिळाले" ही सबब येथे उपयोगी पडत नाही. बाळगणे हाच गुन्हा. आपल्या नदी-तळ्यांत आढळणारे, पोटाकडे पाय झाकणाऱ्या झडपा असलेले मऊ पाठीचे कासवही याच अनुसूचीत आहे. तेव्हा शेतातल्या विहिरीत सापडले म्हणून कुणी ते घरी आणले, तरी प्रकरण तेवढेच गंभीर.

कायदा इतका कडक का, याचे उत्तर व्यापाराच्या आकड्यांत आहे आणि ते आपल्या वाचकांना चटकन समजेल. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भारतातील एकाच परिसरातून वर्षाला किमान ५५,००० तारा कासवे पकडून बाजारात जातात, असे दिसून आले होते. २०१९ मध्ये आंतरराष्ट्रीय करारानुसार या कासवाचा सीमापार व्यापारच बंद झाला. त्याआधी नोव्हेंबर २०१८ मध्ये सिंगापूरमध्ये हस्तगत झालेली ५१ तारा कासवे विमानाने बंगळुरूला परत आणण्यात आली. आपल्या राज्यातही घराघरांतून सोडवलेली तारा कासवे तपासणी आणि उपचारांनंतर चंद्रपूरच्या जंगलात नेऊन सोडण्याचे काम वन विभागाने केले आहे. मौजेखातर आणलेले एक पिल्लू पुन्हा रानात पोहोचवायला किती हात लागतात, पाहा.

जाता जाता वीस नखांच्या कासवाविषयी. असे कासव मिळाले की गुप्तधन मिळते किंवा पैशांचा पाऊस पडतो, असे सांगत फिरणारे लोक महाराष्ट्रात अजून आहेत आणि त्यांचे गिऱ्हाईक बहुधा अडचणीतला व्यापारीच असतो. यात कासव जाते, पैसे जातात आणि पोलीस येतात. असो.

आमच्या डबीतले पिल्लू मात्र यांपैकी नव्हते. त्याच्या डोळ्यांमागे दोन्ही बाजूंस कुंकवाच्या बोटासारखा लाल पट्टा होता. ते 'रेड इअर्ड स्लायडर', लाल कानाचे कासव. मूळचे अमेरिकेतील मिसिसिपी नदीच्या खोऱ्यातले, पाण्यातले. शोभेच्या माशांच्या दुकानांत आपल्याकडे जी पिल्ले दिसतात ती बहुतेक याच जातीची. भारतीय नसल्यामुळे तारा कासवाचे कलम त्याला लागत नाही. परंतु आंतरराष्ट्रीय यादीत असलेल्या विदेशी प्राण्यांची 'परिवेश' संकेतस्थळावर नोंदणी करण्याचा नियम २०२४ पासून आहे. म्हणून घेण्यापूर्वीच वन विभागाच्या कार्यालयात विचारून, लेखी पावतीसह व्यवहार करावा. ज्याची पावती मिळत नाही, ते घेऊच नये. हे वाक्य मी सदतीस वर्षे वेगळ्या संदर्भात बोलत आलो.

आता त्याच्या गरजा. डबीतले ते प्लास्टिकचे बेट म्हणजे निव्वळ फसवणूक आहे. पिल्लाला पोहता येईल इतके खोल, स्वच्छ पाणी हवे आणि पूर्ण अंग कोरडे होईल अशी पाण्याबाहेरची जागा हवी. कासवाचे रक्त आपल्यासारखे स्वतः तापत नाही. बाहेरून ऊब मिळाली तरच त्याचे अन्न पचते. पिल्लासाठी पाणी साधारण २६ ते २८ अंश आणि कोरड्या जागेवर दिव्याखाली तीस-बत्तीस अंशांपर्यंत ऊब असावी. डिसेंबरातल्या रात्री पंख्याच्या वाऱ्यात ठेवलेले आमचे पिल्लू जेवत नव्हते, यात नवल ते काय!

दुसरा दिवा अतिनील किरणांचा. हे किरण अंगावर पडल्याशिवाय त्याच्या शरीरात 'ड' जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही, त्याशिवाय कॅल्शियम लागत नाही, आणि कॅल्शियमवाचून कवच रबरासारखे मऊ पडते. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन यासाठी कुचकामी, कारण काच नेमके हेच किरण अडवते. आणि हा दिवा प्रकाश देत राहिला तरी त्यातील अतिनील किरण काही महिन्यांनी मंदावतात, म्हणून तो साधारण वर्षाच्या आत बदलावा लागतो. उघड्या उन्हात ठेवणे चांगलेच, पण आपल्या मराठवाड्यात फाल्गुनानंतर ते जपून. उथळ टबातले पाणी बघता बघता तापते, आणि ज्याला पळून सावली गाठता येत नाही ते पिल्लू अर्ध्या तासातही दगावू शकते. अर्धा टब सावलीत, सकाळचे कोवळे ऊन, आणि माणूस समोर बसलेला. मांजर व कावळ्यासाठीही ते आवश्यक.

पाण्याचा हिशेब मी वहीत मांडला तेव्हा दचकलो. कवचाच्या दर इंचामागे सुमारे चाळीस लिटर पाणी, असा पाळणाऱ्यांचा प्रचलित आडाखा आहे. मादी दहा-बारा इंचांपर्यंत वाढते; म्हणजे चारशे लिटरांची टाकी, गाळणयंत्रासह, आणि त्यातले काही पाणी दर आठवड्याला बदलायचे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे लातूरला आली, तेव्हा पहिल्या खेपेस दहा वाघिणींतून पाच लाख लिटर पाणी आले होते आणि ते पाहायला माणसे रेल्वे स्थानकावर उभी होती. ज्या जिल्ह्याने हे पाहिले, तेथे चारशे लिटर हा आकडा सहज लिहिता येत नाही. आम्ही टाकीतले बदललेले पाणी परसातल्या पेरूला घालतो. स्वयंपाकघराच्या मोरीत ते मुळीच ओतू नये. कासवाच्या अंगावर आणि पाण्यात साल्मोनेला हे जंतू असू शकतात. कासव निरोगी दिसते, पण लहान मुलाला त्यापासून तीव्र जुलाब-ताप होतो. याच कारणाने अमेरिकेत चार इंचांहून लहान कासवांची विक्री १९७५ पासून बंद आहे. हात लावला की साबणाने हात धुणे, आणि पाच वर्षांखालील मुलांच्या हाती ते न देणे, एवढे पाळावेच.

लातूर जिल्ह्यात उदगीरला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, ही आपली मोठी सोय. मात्र बहुतेक पशुवैद्यांचा रोजचा संबंध गाय, म्हैस, शेळी यांच्याशी येतो, म्हणून कासव पाहणारे डॉक्टर कोण हे आधी विचारून मगच निघावे. आम्हाला भेटलेल्या डॉक्टरांनी पिल्लू तळहातावर घेतले, पोटाकडून दाबून पाहिले आणि विचारले, "खायला काय देता?" आम्ही सांगितले. त्यांनी क्षणभर आमच्याकडे पाहिले व म्हणाले, "हे पिल्लू शाकाहारी नाही."

येथे आमचा खरा प्रश्न सुरू झाला. या जातीचे प्रौढ कासव बरेचसे पालापाचोळा, पाणवनस्पती खाते. पण पिल्लाला वाढीसाठी प्राणिज प्रथिने लागतात. रानात ते किडे, अळ्या, लहान मासे खाते. बाजारात मिळणाऱ्या गोळ्यांच्या खाद्यात मासळीची भुकटी असते. कॅल्शियमसाठी जो पांढरा हलका तुकडा टाकीत ठेवतात, तो आपल्याला आयुर्वेदाच्या दुकानात समुद्रफेन म्हणून माहीत आहे. तोही एका समुद्री प्राण्याचाच भाग. डोळे सुजले होते ते 'अ' जीवनसत्त्वाच्या कमतरतेमुळे, म्हणजे आमच्या वरणभातामुळे. जे तारा कासव आपल्या ताटाशी जुळते ते कायद्याने निषिद्ध, आणि जे दुकानात मिळते त्याचे अन्न आपल्या घरात निषिद्ध!

माझ्या वहिनींचे आयुष्य पाणी गाळून, जीवाणी विहिरीत परत सोडून, सूर्यास्तापूर्वी चूल आवरून गेलेले. त्या म्हणाल्या, "भाऊजी, मासळीचा डबा या उंबऱ्याच्या आत येणार नाही." मी काही बोललो नाही. शास्त्राचा आधार त्यांच्या बाजूला होता. श्रावकाने टाळावयाच्या पंधरा कर्मादानांत 'असतीपोषण' आहे, आणि हेमचंद्राचार्यांनी योगशास्त्रात त्याचा अर्थ सांगताना धनासाठी मांजर-कुत्र्यांबरोबर पिंजऱ्यातले पोपट आणि मैनाही धरल्या आहेत. बरकतीसाठी गल्ल्याशेजारी ठेवलेले कासव त्यात बसत नाही, असे कोण म्हणेल? पण त्याच रात्री मी तत्त्वार्थसूत्र काढून अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार पुन्हा वाचले. पहिला 'बंध', म्हणजे जीवाला कोंडणे. शेवटचा 'अन्नपाननिरोध', म्हणजे त्याचे अन्नपाणी तोडणे. पहिला अतिचार आमच्याकडून दिवाळीतच घडला होता. आता खाद्य नाकारले, तर पाचवाही घडणार होता. सकाळी हे मी वहिनींना सांगितले. त्या बराच वेळ जपमाळ हातात धरून बसल्या.

पुतण्याने सोपा मार्ग सुचवला : घरणी नदीत सोडून देऊ. पुष्कळ जण हेच करतात आणि जीवदया केली असे समजून घरी येतात. पण ही जात जगातील सर्वाधिक उपद्रवी आगंतुक जीवांच्या शंभरांच्या यादीत आहे. ती आपल्या देशी कासवांची उन्हाला बसण्याची जागा आणि अन्न बळकावते, टाकीतले रोग नदीत नेते. घरणीचे पाणी मांजरेला मिळते, मांजरेचे गोदावरीला. एका जीवावर दया दाखवताना गोदाकाठच्या कासवांच्या घरात उपरा सोडणे, याला दया म्हणता येत नाही. शिवाय नदीत पडलेले नाण्याएवढे पिल्लू बगळ्याच्या पहिल्याच फेरीत जाण्याचा संभव अधिक. दुकानदार परत घेईना. पुण्यात प्राणी सांभाळणाऱ्या संस्थांकडे अशी सोडून दिलेली कासवे इतकी येतात की तेथे जागाच नसते, असे कळले.

शेवटी ठरले ते असे. खाद्याचा डबा घरात नाही; दुकानामागच्या गोदामात, तुरीच्या पोत्यांपलीकडच्या फळीवर. टाकीही तेथेच. देणारा मी, नातवाने पाहायचे, डब्याला हात लावायचा नाही. पिल्लू असताना रोज एकदा, त्याच्या डोक्याएवढ्या मापाचे, दहा-पंधरा मिनिटांत संपेल इतकेच; उरलेले लगेच काढायचे, नाहीतर पाणी कुजते. जोडीला लेट्यूसची पाने आणि पाण्यावर तरंगणारी बारीक डकवीड. गाजर चालते असे डॉक्टर म्हणाले होते. कंदमूळ म्हणून आमच्याकडे ते येत नाही, त्याऐवजी लाल भोपळा किसून देतो, त्यानेही 'अ' जीवनसत्त्व मिळते. पालक मात्र देऊ नये, तो कॅल्शियम अडवतो. समुद्रफेनाऐवजी साधी कॅल्शियमची भुकटी. डोळे उघडायला औषधांसह महिना लागला. ज्या दिवशी त्याने मान बाहेर काढून भोपळ्याच्या किसाला तोंड लावले, त्या दिवशी वहिनी प्रथमच गोदामापर्यंत आल्या, दारातूनच पाहिले आणि परत गेल्या.

आता वयाप्रमाणे गोळ्या कमी करून हिरवे वाढवत नेत आहोत. तरीही तो डबा उघडताना रोज सकाळी माझा हात अडखळतो, हे कबूल केले पाहिजे. ज्यांना ते अडखळणे नको असेल, त्यांनी हे पिल्लू घेऊच नये, आणि कुणी भेट देत असेल तर मिठाईचा डबा ठेवून घेऊन डबी हात जोडून परत करावी. गल्ल्याशेजारी पितळेचे कासव पुरेसे आहे. त्याला काही खायला लागत नाही.

एक हिशेब राहिला. नीट सांभाळले तर हे कासव वीस ते तीस वर्षे, कधी त्याहूनही अधिक जगते. मला सहासष्टावे लागले आहे. बँकेत इतक्या मुदतीच्या व्यवहाराला नामनिर्देशन न घेता मी कधी पुढे गेलो नाही. म्हणून टाकीच्या वहीत, पाणी बदलल्याच्या आणि दिवा बदलल्याच्या तारखांच्या मागच्या पानावर, माझ्यानंतर सांभाळणार म्हणून नातवाचे नाव लिहिले. तो अज्ञान असल्याने खाली पालक म्हणून पुतण्याची सही घेतली. पुतण्या हसला, पण सही केली.

परवा मोजपट्टी लावली तेव्हा कवच साडेदहा सेंटिमीटर भरले. पुढची टाकी लवकरच घ्यावी लागणार. पुतण्या लातूरहून काचेचा भाव विचारून आला आहे. सोयाबीनचे पैसे हाती आले की घेऊ, म्हणतो.